बॉटल केअरलेस, आय नॉट

चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या वर्षांतले निबंध मला फारसे आठवत नाहीत, कारण ते सगळे एकच होते. मी फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि परीक्षेत माझंच मला परत वाचायला द्यायचं. त्याला लेखन म्हणायची पद्धत आहे. खरोखरचं लिहायला मी शिकवलं ते फक्त दीड वर्ष, शाळेत लागण्याआधी, पिंपरीच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात. त्या दीड वर्षात मी जेवढी हसले तेवढी नंतर कधी हसले नाही. फळ्याकडे तोंड करून, पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले आहे.

पन्नास सालानंतरचे दिवस. पिंपरीला औषधांचे कारखाने उभे राहत होते, आणि औषध आलं की बाटली आलीच. आमचा कारखाना तसा लहान. एका टोकाला काच वितळवायची भट्टी, दुसऱ्या टोकाला बाटल्या तपासून पेंढ्यात बांधायची लांबलचक शेड. पेंढ्याच्या गाड्या चाकणकडून यायच्या. शेडमध्ये सगळ्या बायका. एकेक बाटली उजेडापुढं धरायची, फिरवायची आणि दोष असला तर चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवायची. बुडबुडा, खडा, तडा, वाकडी मान असे चार दोष. ते शब्द इंग्रजीत लिहायला हवेत असं कंपनीला वाटलं, म्हणून मला बोलावणं आलं. मी नुकतीच बी. ए. झालेली, चिंचवडची, सायकल चालवणारी. माझ्या इंग्रजीपेक्षा सायकलीमुळेच मला घेतलं असावं, कारण पुण्याहून कुणी यायला तयार नव्हतं.

घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवणाच्या पानावर विषय काढला. ते खादीवाले, तुरुंगात जाऊन आलेले. सरकारनं इंग्रजी आठवीपर्यंत वर ढकललं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

"साहेब गेला," ते म्हणाले, "आणि आता तू त्याची भाषा बायाबापड्यांच्या गळ्यात बांधणार?"

"चार शब्द आहेत, अण्णा. बुडबुडा, खडा, तडा आणि वाकडी मान."

"चारांचे चाळीस होतील."

अण्णा सहसा चुकत नसत.

कारखान्यात माझी गाठ पडली ती वेल्फेअर ऑफिसर टिपणीसांशी. कोट, टाय, आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. जुन्या मॅट्रिकचं इंग्रजी त्यांनी आयुष्यभर इस्त्री करून जपलं होतं. त्यांनी माझ्या हातात एक पुस्तिका ठेवली. स्वतः लिहून सायक्लोस्टाइल केलेली, नमुन्याच्या वीस अर्जांची. आजारपणाची रजा, लग्नाची रजा, सासरा वारल्याची रजा. प्रत्येक अर्जाची सुरुवात 'आय मोस्ट हंबली बेग टू स्टेट' आणि शेवट 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'.

"शब्द झाले की हे पाठ करून घ्या," ते म्हणाले. "स्वतःची वाक्यं करू देऊ नका. स्वतःची वाक्यं केली की चुका होतात."

मला ते अगदी पटलं, हे कबूल करते.

पहिली पाळी तीनला सुटायची. सव्वातीनला शेडच्या कोपऱ्यात आमचा वर्ग. खोक्याच्या झाकणाला काळा रंग देऊन फळा केलेला. बारा बायका पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसायच्या. सगळ्यांना मराठी अक्षरओळख होती, कुणी दुसरी, कुणी चौथी. त्यांत पुढं बसायच्या पारूबाई नखाते, रहाटणीच्या. चाळिशीच्या आतबाहेर, उंच, आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरून ऐकू यावा. घरची शेती होती, पण दिरांशी पटेना म्हणून कारखान्यात आलेल्या. त्यांच्या शेजारी जैनब. पिंपरीच्या बाजारात तिच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वय एकोणीस, आणि हसू असं की एकदा सुटलं की वर्गात वणवा.

चार शब्द चार दिवसांत झाले, एबीसीडी आणि रोजचे साधे शब्द व्हायला मात्र चार महिने गेले. आता पुस्तिका. मी पहिला अर्ज फळ्यावर लिहिला, अर्थ सांगितला. जैनबनं हात वर केला.

"बाई, ये बेग का मतलब भीक मांगना ना?"

"तसा शब्दशः अर्थ तोच. पण इथं नम्रपणे सांगणं असा आहे."

"भीकच ना मग!" पारूबाई म्हणाल्या. "रजा आमची हक्काची हाय, बाई. भीक कशापायी मागायची?"

"आणि हे खालचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमचा अत्यंत आज्ञाधारक नोकर."

मग पारूबाईंनी हळूच शेजारणीला कोपर मारलं. "आगं, माझ्या नवऱ्याला पाठीव ह्यो कागूद. लिहून दी म्हनावं." आणि जैनब सुटली. तिच्यामागं बाराच्या बारा. पेंढ्यावरून एक जण घसरली. त्या दिवशी पुढं काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पारूबाईंनी अर्ज लिहून आणला. 'आय वाँट लिव्ह. माय ब्रदर मॅरेज. आय कम मंडे.' आणि खाली, 'युअर पॅकर, पारू.'

"आमी पॅकर हाय," त्या म्हणाल्या. "सर्व्हंट न्हाई."

मी लाल पेन्सिलीनं पाच चुका दाखवल्या आणि रजा द्यायचीच असेल तर या कागदात काय कमी आहे ते शोधू लागले. काही सापडेना. तरी मी तो अर्ज टिपणीसांना दाखवला नाही.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगते. बोलायला शिकवणं सोपं, कारण बोलणं हवेत विरतं. लिहायला शिकवणं जोखमीचं. कागद राहतो, त्याच्याखाली नाव राहतं, आणि ज्याला वाचायचं नाही त्यालाही तो वाचावा लागतो. म्हणून चुका काढायच्या नावाखाली फार गोष्टी अडवता येतात. 'आधी शुद्ध लिहा, मग बोला' असं म्हटलं की समोरचा जन्मभर शुद्धच करत बसतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी ए, ॲन आणि द शिकवण्यात दंग होते.

द हा शब्द आपल्याकडे नाही, तो समजवायचा कसा? मी म्हटलं, "ओळखीची वस्तू असली की द, अनोळखी असली की ए. रस्त्यात दिसला तो ए डॉग. आपल्या दारातला तो द डॉग."

"मंग माझा नवरा द," पारूबाई म्हणाल्या, "आन बाकीची दुनिया ए."

"और मॅनेजरसाब?" जैनबनं विचारलं.

"त्यो द. पन मोठ्या अक्षराचा."

त्यानंतर महिनाभर शेडमध्ये माणसांची वाटणी चालली होती. अमकी ए, तमकी द. मुकादम समोरून गेला की कुजबूज व्हायची, "ए. अजून ए." मी घरी सायकलवरून येताना एकटीच हसायचे आणि बैलगाडीवाले वळून बघायचे.

मग एक दिवस फुटतुटीचं रजिस्टर वर्गात आलं. रोज किती खोकी फुटली, कुणाच्या हातची, का, हे भट्टीवरचा सुपरवायझर इंग्रजीत त्यात लिहायचा आणि पुढं त्या बाईची सही घ्यायचा. ज्या बाईच्या नावावर असे तीन शेरे चढत, तिला घरी बसवत. दोघी-तिघी तशा गेल्याही होत्या. खऱ्या नोंदी वाचायच्या सरावासाठी म्हणून मीच ते रजिस्टर मागून आणलं होतं. निव्वळ माझा उत्साह.

पारूबाई ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. 'ब्रोकन. ड्यू. टू.' पुढं बोट थांबलं. "केअर. लेस. केअरलेस म्हंजी काय वो, बाई?"

"निष्काळजी."

"कोन?"

मी ओळ वाचली. खाली सही होती. पारू नखाते, मराठीत, वळणदार.

"मी?" त्या म्हणाल्या. "आन मी त्याखाली सही केली?"

त्यांनी पान उलटलं. आधीच्या महिन्यात दुसरीच्या नावापुढं तोच शब्द. प्रत्येकीनं आपापली नावं शोधली. सगळीकडं एकच शब्द, केअरलेस. इतक्या वेळा लिहून लिहून सुपरवायझरनं शेवटी त्याचं नुसतं के. एल. केलं होतं. कुणी हसलं नाही. तेवढा एकच दिवस माझ्या वर्गात कुणी हसलं नाही.

जैनबनं पानाच्या उजव्या कडेला बोट लावलं. "बाई, ये कोरा खाना कायका?"

मी छापील मथळा वाचला. 'वर्कर्स रिमार्क.' कामगाराचं म्हणणं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरं. कंपनीनं छापलं होतं, कारण कायद्याला तसं हवं होतं. आणि आजवर कुणाला तिथं लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कुणाला अडचणीचंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक खोकं फुटलं. सुपरवायझरनं के. एल. लिहिलं, रजिस्टर पारूबाईंपुढं केलं. त्यांनी सही केली नाही. पेन घेऊन रकान्यात लिहिलं, जीभ ओठाबाहेर काढून, अक्षर-अक्षर.

'बॉटल हॉट. बॉटल केअरलेस. आय नॉट.'

हे वाक्य एका तासात भट्टीपर्यंत पोचलं. भट्टीवरच्या पुरुषांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे आलं. कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातातून निसटला की लोक ओरडायचे, "कप केअरलेस!" उशिरा येणारा म्हणायचा, "सायकल केअरलेस, राव, मी न्हाई." आणि शेडमधल्या बायका रोज रकाना भरू लागल्या. कुणाचं एक वाक्य, कुणाचं दोन. 'आफ्टर टू ओक्लॉक बॉटल व्हेरी हॉट.' 'मॉर्निंग बॉटल गुड बॉटल.' जैनबनं तर एकदा लिहिलं, 'बॉटल क्राय टिक टिक, देन ब्रेक.'

टिपणीसांनी मला बोलावून घेतलं. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं होतं.

"बॉटल क्राय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "बाई, हे कार्यालयीन दप्तर आहे. उद्या कारखान्यांचे इन्स्पेक्टर येतील. काय म्हणतील?"

"अर्थ कळतो, साहेब."

"अर्थ कळतो म्हणून काहीही चालेल? मी एक परीक्षा ठेवतो. जी शुद्ध वाक्य लिहील, तिनंच रकान्यात लिहावं. बाकीच्यांनी सही करावी."

परीक्षेची तारीख ठरण्याआधीच दुसऱ्या बाजूनंही हल्ला झाला. कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता शेडच्या दाराशी उभा राहून बायकांना म्हणाला, "आपलं राज्य मराठी व्हावं म्हणून आपण रस्त्यावर उतरतोय, आणि तुम्ही इंग्रजी गिरवताय? मराठीत लिहा. साहेबाला शिकू दे मराठी."

त्याचंही मला पटलं. मला तेव्हा सगळ्यांचंच पटायचं.

पारूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मराठीत आमी रोजच बोलतो. बाटली गरम हाय, बाटली गरम हाय, घसा बसला. त्यास्नी ऐकू जात न्हाई. त्यांनी मला केअरलेस कंच्या भाषेत लिवलं? मंग त्याच भाषेत त्यास्नी जवाब नगं का?"

कार्यकर्ता माझ्याकडं वळला, "बाई, तुमच्या वर्गात जागा आहे का?" पण वर्ग बायकांचाच होता.

आणि मग ते झालं. एका दुपारी पारूबाईंनी बांधलेली खोक्यांची अख्खी थप्पी ट्रकमध्ये चढवताना आतल्या आत फुटत गेली. कुणी पाडली नाही, आपटली नाही. उचललं की आत खळखळ. पारूबाईंच्या नावावर तिसरा शेरा चढला आणि दुसऱ्या दिवशी हातात इंग्रजी पत्र पडलं. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी.

त्या संध्याकाळी त्या आमच्या घरी चिंचवडला आल्या. खुलासा लिहून आणला होता, पाठपोट. मी तो वाचला आणि मला घाम फुटला. चुकांचा पाऊस. क्रियापदं गायब, काळांची खिचडी. नोकरीचा प्रश्न आणि हे असं द्यायचं?

"मी नीट करून देते," मी म्हटलं.

"चुकलंय का लई?"

"भाषेचं म्हणतेय मी."

मी बसले आणि माझं सगळं बी. ए. त्या कागदात ओतलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट', 'सरकमस्टन्सेस बियाँड माय कंट्रोल', 'अनब्लेमिश्ड सर्व्हिस'. शेवटी आज्ञाधारक नोकरसुद्धा घातला, टिपणीसांना बरं वाटावं म्हणून. वाचून मी स्वतःवर खूश झाले. पारूबाईंनी तो कागद उलटसुलट पाहिला.

"यात मी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"ही सही आहे ना तुमची. इथं करा."

त्यांनी केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली. दुसऱ्याच्या इंग्रजीखाली पारूबाईंची ही आणखी एक सही, आणि या वेळी ती मी घेतली.

चौकशी मॅनेजर राघवनसाहेबांच्या खोलीत झाली. मॅनेजर मद्रासकडचे, काचेच्या शास्त्रातले जाणकार, बोलायला कमी. पारूबाई उभ्या, टिपणीस बसलेले, आणि वर्गाची बाई म्हणून मला बोलावलेलं. टिपणीसांनी खुलासा वाचला आणि चष्मा काढला.

"उत्तम इंग्रजी आहे," ते म्हणाले. "म्हणूनच हे या बाईंनी लिहिलेलं नाही. बाहेरच्या माणसाकडून लिहून आणलेला खुलासा ग्राह्य धरता येत नाही."

मी तोंड उघडलं, पण राघवनसाहेबांनी हात वर केला. त्यांनी एक कोरा कागद आणि स्वतःचं पेन टेबलाच्या कडेला सरकवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "इधर लिखो. अभी."

पारूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्या खुर्चीवर टेकल्या, पदर खोचला आणि जीभ ओठाबाहेर काढली. मी उलट्या बाजूनं वाचत होते आणि दर ओळीला माझा हात लाल पेन्सिलीसाठी शिवशिवत होता. कागद झाला. राघवनसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला.

'बॉटल कम हॉट. आय टच. आय नो हॉट. आय टेल सर, बॉटल हॉट, वेट. सर से, नो वेट, पॅक. आय पॅक. बॉटल ब्रेक इन बॉक्स. सर राइट मी केअरलेस. आय नॉट केअरलेस. आय केअर. युअर पॅकर, पारू.'

टिपणीस घसा साफ करू लागले. "साहेब, यात एकही वाक्य..."

"मिस्टर टिपणीस," राघवनसाहेब इंग्रजीत म्हणाले, "हे मला समजलं." मग माझं पत्र उचलून माझ्याकडं वळले. "आणि हे तुमचं, बरोबर? छान आहे. मी दोनदा वाचलं. यात बाटली कुठं आहे?"

मी पत्र हातात घेतलं. आदर होता, परिस्थिती होती, निष्कलंक सेवा होती. बाटली नव्हती. गरम हा शब्द नव्हता. पारूबाईंच्या पाठपोट कागदावर तो आठ-दहा वेळा होता आणि मी तो शुद्ध करताना पुसून टाकला होता.

राघवनसाहेब उठले, फुटतुटीचं रजिस्टर काखेत मारलं आणि तडक भट्टीकडं निघाले. आम्ही मागोमाग.

साच्यातून निघालेली बाटली लाल असते. ती एकदम गार झाली तर तडकते. म्हणून तिला एका लांब बोगद्यातून हळूहळू चालणाऱ्या पट्ट्यावरून नेतात, निववत निववत. पट्टा जोरात सोडला तर बाटली दिसायला चांगली दिसते, पण आत ताण राहतो, आणि तो तासाभरानं नाहीतर ट्रकमध्ये कधीही सुटतो. राघवनसाहेब पट्ट्याशेजारी रजिस्टर उघडून बसले आणि बायकांचा रकाना पहिल्यापासून वाचत गेले. सकाळची बाटली चांगली. दोननंतर खूप गरम. दोननंतर. दोननंतर. बाटली रडते टिक टिक.

दोन वाजले. पाळी सुटण्याआधी आकडा गाठायचा म्हणून सुपरवायझरनं रोजच्यासारखा पट्ट्याचा वेग वाढवला. मॅनेजर खांबाआड बसलेत हे त्याला माहीत नव्हतं. राघवनसाहेब उठले, बोगद्याच्या तोंडाशी आलेली बाटली त्यांनी उचलली आणि 'अय्यो!' करून टाकून दिली. ती फुटली.

जैनब शेडच्या दारात उभी होती. तिच्या तोंडून निसटलंच, "साहब केअरलेस!"

राघवनसाहेबांनी भाजलेली बोटं तोंडात घातली होती. त्यांच्या खांद्यांना काहीतरी होऊ लागलं. आधी मला वाटलं चक्कर येतेय. पण ते हसत होते. ज्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत कुणी हसू पाहिलं नव्हतं, तो माणूस खांब धरून हसत होता, आणि मग पारूबाई, आणि मग मी, आणि भट्टीवरचे लोक, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजानं, टाय सैल करत टिपणीस.

पारूबाईंवरचे तिन्ही शेरे खोडले गेले. सुपरवायझरची बदली गोदामात झाली. आधी घरी बसवलेल्या बायकांना परत बोलवावं म्हणून आम्ही अर्ज केला. एकीचाच पत्ता लागला, ती परत आली. बाकीच्या कुठं गेल्या कळलं नाही. त्यांनाही लिहिता आलं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

यानंतर वरच्या ऑफिसातून फर्मान आलं, भट्टीजवळच्या सूचना कामगारांच्या भाषेत लावा. टिपणीसांनी मोठ्या आनंदानं पाटी रंगवून घेतली. 'उष्ण काचपात्रांस हस्तस्पर्श करणे निषिद्ध आहे.' बायका पाटीपुढून जाताना हात जोडायच्या. जैनबनं विचारलं, "बाई, ये कौनसे देव का है?"

आठवड्यानं राघवनसाहेब स्वतः वर्गात आले आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांना मराठी शिकायचं होतं, लिहायला. मी पुस्तक काढू लागले, तर ते म्हणाले, "तुम्ही नाही. या." आणि पारूबाईंकडं बोट केलं.

साहेब दर गुरुवारी येऊ लागले. काय सांगू त्या गुरुवारांबद्दल! पारूबाई कडक. साहेबांचा 'भ' जमेना, तर म्हणाल्या, "दम सोडून म्हना, साहेब. लाजू नका, हितं समदे आपलेच हायती." साहेब घाम पुसत 'बाटली, भट्टी, पट्टी' गिरवायचे. मद्रासी माणूस आणि रहाटणीची बोली. त्यांच्या तोंडून 'व्हय' असं निघालं की वर्गातल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

महिन्याभरानं साहेबांनी स्वतःच्या हातानं खडूनं शेडच्या फळ्यावर सूचना लिहिली. 'बाटली गरम हाय का बगा. गरम आसंल तर बांदू नका. आमाला सांगा. आमी आयकू.' खाली इंग्रजीत सही.

टिपणीस मला ओढतच घेऊन आले. "हे बघा! कारखान्याच्या मॅनेजरनं! बाई, तुम्ही भाषेच्या शिक्षिका. शुद्ध करा हे ताबडतोब."

इथं मी शहाणपणा दाखवला असं लिहायला मला आवडलं असतं. एवढं सगळं पाहून, भोगून. पण हाताला सवय असते. मी खडू घेतला, 'हाय' पुसलं, 'आहे' केलं. 'आयकू'चं 'ऐकू' केलं. टिपणीस समाधानानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यापुढं गर्दी होती. माझ्या 'आहे'भोवती लाल खडूचं गोल वर्तुळ, वर ठसठशीत 'हाय'. 'आयकू' पूर्ववत. आणि कडेला इंग्रजीत दोन शब्द, जे मी चुकांनी भरलेल्या वह्यांवर लिहायचे: 'सी मी', येऊन भेटा. खाली नाव पारू.

सव्वातीनला मी गेले. पारूबाई माझ्या जागी, फळ्याशेजारी उभ्या होत्या. बाकीच्या अकरा जणी आणि मॅनेजर गठ्ठ्यांवर, हाताची घडी घालून, चेहरे कसेबसे गंभीर.

"बसा, बाई," पारूबाई म्हणाल्या.

मी जैनबशेजारी पेंढ्यावर बसले.

"म्हना, हाय."

"हाय," मी म्हटलं.

"न्हाई. ते इंग्रजीतलं झालं. पोटातनं म्हना. बाटली गरम हाय."

शेजारी जैनबचे खांदे हलू लागले होते. मी तिच्याकडं न बघता पुन्हा म्हटलं. राघवनसाहेबांनी मान हलवली, अजून नाही. मी डोळे मिटले, दम घेतला आणि भट्टीच्या वरताण ओरडले. पलीकडून, बोगद्याच्या तोंडाशी उभ्या नव्या सुपरवायझरनं पट्टा बंद केला आणि धावत विचारायला आला, "कुठली बाटली, बाई?"